जुन्या मोटारीचा गंज घासायच्या आधी तिच्यातली ओल काढा

पलूसकडच्या एका पोरानं विचारलंय की आजोबांच्या विहिरीवरची ५ एचपीची जुनी थ्री फेज मोटार आठ-दहा वर्षं गोठ्याच्या कोपऱ्यात पडून आहे, बॉडीचे पापुद्रे निघतायत, शाफ्ट हातानं फिरत नाही, आता कडबाकुट्टीला जोडायची म्हणतोय, तर डिझेलनं धुवून पॉलिश पेपर मारून रंग देऊन चालू केली तर चालंल का काका. काका म्हणालास म्हणून अरे-तुरेच करतो. चालंल, पण तू लिहिलंयस त्या क्रमानं केलंस तर पाच मिनिटं चालंल आणि मग वाइंडिंगला (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी नवी भरायला) टाकायला लागंल.

मी सांगलीत मोटार वाइंडिंगचं काम करतो, तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत बाहेरच्या गंजानं मेलेली मोटार मी फार कमी बघितली. बॉडी बिडाची असते, त्यातही जुन्या मोटारींचं बीड चांगलं जाड, त्यावर नुसता वरचा थर गंजतो आणि आत लोखंड शाबूत राहतं. मोटार मरते ती आतल्या ओलीनं. वाइंडिंगच्या कागदात, स्लीव्हमधे, खाचांत ओल बसलेली असते आणि लोक बाहेरनं झक्कास निळा रंग मारून स्टार्टरचं हिरवं बटण दाबतात. बटण दाबलं की भुप्प, वर धूर. म्हणून सगळ्यात आधी हे की तिला लाइट अजिबात लावायची नाही, "बघू फिरतीय का" म्हणून पण नाही. शाफ्ट जाम असताना लाइट दिली की मोटार नुसती घुमते आणि फुल लोडच्या पाच-सहापट करंट खाते, मग ओल असो नसो वाइंडिंग जळणारच.

गोठा ही मोटार ठेवायची सगळ्यात वाईट जागा, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जनावराच्या मुतापासून अमोनिया तयार होतो आणि तो तांब्या-पितळेला खातो, त्यामुळं तुझ्या टर्मिनलवर हिरवट-निळसर पावडर दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस. वर गोठ्यातच कोपऱ्याला खताची पोती लावलेली असतात, युरिया हवेतलं पाणी ओढून घेतो आणि पोटॅशमधे तर क्लोराइड असतंय, ते लोखंडाला मिठासारखंच लागतं. तेव्हा ही मोटार एका पावसाळ्यात भिजलेली नाही, आठ-दहा पावसाळे खारात मुरलीय असंच धरून चाल.

आता उघडायची कशी. आधी टर्मिनल बॉक्स खोलून मोबाइलवर फोटो काढ, पट्ट्या कुठं जोडल्यात, वायरींवर काय अक्षरं आहेत, सगळं दिसलं पाहिजे. जुन्या मोटारीला ए१ ए२ बी१ बी२ असं असतं, नंतरच्यांना यू१ व्ही१ डब्ल्यू१. मग दोन्ही कव्हरं आणि बॉडी जिथं मिळतात तिथं पंचनं खूण कर, पुलीकडं एक टिंब आणि पंख्याकडं दोन, नाहीतर जोडताना कव्हर अर्धा फेरा फिरून बसतं आणि बोल्ट लागेनात म्हणून दिवस जातो. जाम बोल्टला आणि कव्हरच्या सांध्याला गंज सोडवायचं तेल मार, विकतचं नसलं तर गिअरचं एटीएफ तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून चांगलं काम करतं (ॲसिटोन पेट घेतं, बिडी विझवून), पण ते आत वाइंडिंगवर ओघळू द्यायचं नाही. रात्रभर मुरू दे. शाफ्टला पाइप पाना लावून जोर करू नकोस, शाफ्टवर दात उमटले की पुली परत कधी सरळ बसत नाही. कव्हर काढताना छिन्नी एकाच बाजूला घालून उचकटायचं नाही, बीड आहे, कान तुटतो, आणि तुटलेला कान वेल्डिंगनं धरत नाही म्हटलं तरी चालंल. चारी बाजूनं थोडं थोडं, लाकडी ठोकळा ठेवून. रोटर (शाफ्टसकट फिरणारा भाग) बाहेर ओढताना स्टेटरमधे (बॉडीत बसलेला, वाइंडिंगचा न फिरणारा भाग) खाली एक जाड पुठ्ठा सरकव म्हणजे रोटर वाइंडिंगच्या डोक्याला घासणार नाही.

रोटर निघाला की खरी परिस्थिती कळते. वाइंडिंगचं वार्निश अजून चकचकीत तपकिरी आहे, दोरी घट्ट आहे, नखानं दाबलं तर वायर हलत नाही, म्हणजे आशा आहे. वार्निश पांढुरकं पडलंय, दोरी कुजलीय, उंदरानं घर केलंय, किंवा सुती कापड गुंडाळलेली वायर आहे आणि हात लावला की कापड गळतंय, तर पुढचं सगळं वाळवण-बिळवण सोड आणि सरळ रिवाइंड कर.

आशा असली तर धुवायचं. आणि धुवायचं पाण्यानं, इथं बरेच जण दचकतात. डिझेलनं धुतलेली मोटार चकाकते खरी, पण डिझेल खाचांत बसून राहतं, जुनं वार्निश मऊ करतं, आणि नंतर कडब्याचा भुसा त्याच्यावर असा चिकटतो की सहा महिन्यांत आत गादी तयार होते. पेट्रोलचं तर नावच काढू नको. पूर्वी आम्ही सीटीसीनं धुवायचो, कार्बन टेट्राक्लोराइड, एकदम कोरडं व्हायचं, पण ते लिव्हर-किडनीला घातक आणि ओझोनसाठी म्हणून बंदही झालं, बरं झालं बंद झालं, त्याच्या वासात डोकं धरून बसलेले दिवस आठवतात. तर कोमट पाणी, त्यात थोडी साधी धुण्याची पावडर, मऊ ब्रश, आणि शेवटी दोन-तीनदा निव्वळ स्वच्छ पाणी. खारातली मोटार आहे म्हणून शेवटचं पाणी जास्त वेळा. बोअरवेलचं क्षारवालं नको, पावसाचं किंवा नळाचं घे. सर्व्हिस सेंटरचा जेट लावायचा नाही, तो इन्सुलेशनचे कागद उचकटतो.

पाण्याचं मी एवढं ठामपणे सांगतोय कारण २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे, म्हणजे विचार कर. नदीकाठच्या लोकांनी नेहमीप्रमाणं मोटारी वर ओढून ठेवल्या होत्या, पण दरवर्षी जिथं ठेवतात तिथंच, आणि पाणी त्याच्याही वर आलं. पूर ओसरल्यावर दुकानासमोर मोटारींची रांग लागली, पाय ठेवायला जागा नाही, आणि प्रत्येकाला कालच्या काल पाहिजे. ज्यांनी गाळ ओला असतानाच नळीनं धुवून आणली त्यांच्या बऱ्याच मोटारी नुसत्या वाळवून वाचल्या. ज्यांनी "वाळू दे मग बघू" म्हणून पंधरा दिवस तशीच ठेवली, त्यांच्यात गाळ सिमेंटसारखा बसलेला आणि बेअरिंग, बोअर (स्टेटरच्या मधलं भोक, जिथं रोटर फिरतो) सगळं लालभडक. त्या गडबडीत मीही एक चूक केली. एक ७.५ एचपीची होती, मालक डोक्यावर उभा, मी भट्टीचं टेंपरेचर एकदम १३० ला नेलं. खाचेतल्या पाण्याची वाफ झाली, वाफेला बाहेर पडायला वाट नाही, तिनं वार्निशला फोड आणले आणि चांगली वाचणारी वाइंडिंग माझ्या हातानं गेली. रिवाइंड माझ्या खर्चानं करून दिली. तेव्हापासून कोण कितीही डोक्यावर उभा राहू दे, पहिले काही तास ६० च्या पुढं नाही, मग हळूहळू ८०-९०, आणि थांबायचं.

तुझ्याकडं भट्टी नसणार. दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेव, एप्रिल-मे असंल तर आपल्याकडचं ऊन अर्धं काम करतं, पण नुसत्या उन्हावर सोडू नको कारण आतली ओल चिवट असते. मग पत्र्याचं पिंप किंवा जुनी पेटी घे, त्यात स्टेटर विटांवर उभा ठेव, बोअरच्या मधोमध १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लटकव, एकानं भागलं नाही तर दोन, वाइंडिंगला टेकू द्यायचा नाही, वर झाकण पण वाफ जायला बोटभर फट. गोणपाट झाकू नको, पेट घेतं. आणि बल्ब तारेचाच पाहिजे ओ, एकानं माझं ऐकून एलईडी बल्ब लावून चार दिवस वाळवली होती मोटार, उजेड मात्र भरपूर पडला.

वाळली की नाही हे हात लावून कळत नाही, मेगर लागतो, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचा मीटर. ५०० व्होल्टचा मेगर, एक टोक वाइंडिंगला आणि एक बॉडीला, बॉडीवरचा गंज खरवडून चकचकीत जागेवर. पट्ट्या काढून तिन्ही फेज एकमेकांतपण बघायच्या. साधा मल्टिमीटर इथं फसवतो, त्याचं व्होल्टेज इतकं कमी असतं की ओली मोटारही त्याला चांगली दिसते. वाळवायला लागलास की रीडिंग आधी खाली जाईल, घाबरू नको, ओल गरम होऊन सगळीकडं पसरते म्हणून तसं होतं, नंतर ते चढायला लागतं आणि मग एका आकड्यावर ठरून राहतं. तीन-चार तास ठरून राहिलं म्हणजे वाळली. गरम मोटारीचं रीडिंग कमी दिसतं, साधारण दर १० अंशाला निम्मं होतं असा हिशोब, त्यामुळं शेवटचं रीडिंग गार झाल्यावर घे. पूर्वी १ मेगोहम आलं की "जाऊ दे" म्हणायचे, मी ५ च्या खाली सोडत नाही आणि नीट वाळलेली मोटार १०० च्या पुढं सहज दाखवते. मेगर मारल्यावर वाइंडिंगचं टोक बॉडीला टेकवून चार्ज काढून टाकायचं, नाहीतर झटका बसतो.

आता गंज. तू म्हणतोस तो पॉलिश पेपर कुठं चालतो आणि कुठं घात करतो ते बघ. स्टेटर आणि रोटर हे अखंड लोखंड नाही, पातळ स्टँपिंगच्या पत्र्या एकावर एक रचलेल्या असतात आणि दर दोन पत्र्यांमधे इन्सुलेशनचा बारीक थर असतो, तो मुद्दाम ठेवलेला असतो, भोवऱ्यासारखे करंट आत फिरू नयेत म्हणून. तू ग्राइंडर किंवा कानस लावलीस की वरचं लोखंड पसरून पत्र्या एकमेकींना चिकटतात, मग त्याच जागी मोटार गरम होते आणि कारण सापडता सापडत नाही. एका लेथवाल्यानं गंजलेला रोटर लेथवर चढवून "साफ" करून दिलेला मी बघितलाय, आरशासारखा झाला होता. मोटार मोकळीच दुप्पट करंट खायला लागली, कारण रोटर-स्टेटरमधली फट मुळातच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, ती वाढली की नो-लोड करंट वाढलाच. म्हणून बोअर आणि रोटरवर फक्त बारीक ४०० नंबरचा पेपर किंवा भांडी घासायची हिरवी घासणी, हातानं, हलक्या हातानं, सुटा गंज निघेपर्यंत. काळे डाग राहिले तर राहू देत, डागांनी काही होत नाही. भुगा व्हॅक्यूमनं ओढून घे, फुंकलंस तर तो वाइंडिंगच्या डोक्यात जाऊन बसतो. शेवटी वार्निशचा पातळ हात.

कव्हरं, पाय, फॅन कव्हर, नट-बोल्ट यांना पाहिजे तसा मार दे. तारेचा ब्रश लाव, नाकाला मास्क बांधून, जुन्या रंगात शिसं असायची शक्यता असते. बारीकसारीक लोखंडी सामान लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर टाकायचं, लिटरला ५०-१०० ग्रॅम, सकाळी गंज सुटलेला असतो, मग सोड्याच्या पाण्यात बुडवून, कोरडं करून लगेच तेलाचा हात, नाहीतर चहा पिऊन येईपर्यंत परत लाल होतं. स्प्रिंगा त्यात टाकू नको, ॲसिडनं ठिसूळ होतात. बिडाच्या कव्हरला धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढायची पद्धतपण चांगली, मायनस कव्हरला आणि प्लस एखाद्या भंगार लोखंडी पट्टीला, बाहेर मोकळ्या हवेत कारण हायड्रोजन निघतो, आणि प्लसला स्टीलचं भांडं लावायचं नाही, त्यातनं विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. पण रोटर यातल्या कुठल्याच पाण्यात नाही, त्याच्यात ॲल्युमिनियमचे बार ओतलेले असतात आणि सोडा-ॲसिड दोन्ही ॲल्युमिनियमला खातात. खाचाखोचांत राहिलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावला की तो काळा पडून घट्ट बसतो. काहींत फॉस्फोरिक ॲसिड असतं, काहींत टॅनिन, म्हणजे आपल्या हिरड्यातलं, हिरडा आणि लोखंड मिळून जुन्या लोकांची काळी शाई व्हायची, तोच प्रकार. हे सगळं वाइंडिंगपासून लांब.

बेअरिंग बदल. धुवून, ग्रीस भरून, फिरवून बघून परत लावायचा मोह होईल, पण गंजाचा एक टिपका असला तरी ती काही महिन्यांत ओरडायला लागते, आणि ५ एचपीच्या बेअरिंगची किंमत वाइंडिंगपुढं काहीच नाही. जुनीवरचा नंबर वाचून तोच आण, चांगल्या दुकानातनं, नकली लई फिरतात. नवी बसवताना आतल्या कड्यावर पाइप ठेवूनच ठोकायची, नाहीतर १०० अंशापर्यंत गरम करून सरकवायची. शाफ्टची बेअरिंगची जागा पेपरनं घासून घासून बारीक करू नको, आणि सैल झाली तर पंच मारून टिंबं उठवून बेअरिंग बसवणारे महाभाग आहेत, त्यांच्याकडं जाऊ नको, भरून घेऊन नीट टर्न करून घे. उघडी बेअरिंग असली तर लिथियम ग्रीस एक तृतीयांश ते निम्मं, ठासून भरलं तर तेच गरम होतं.

वार्निश वाळवल्यानंतरच, गरम असताना, हवेत वाळणारं चालतं. आधी मारलं तर ओल आत कोंडली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. टर्मिनलची हिरवी पावडर काढून लग नवे लाव. कव्हरच्या सांध्याला आणि बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून जोड, पुढच्या वेळी उघडणाऱ्याचे आशीर्वाद मिळतील. मग रेड ऑक्साइड आणि वर एनॅमलचे दोन पातळ हात, थरावर थर नको, मोटारीला त्याच बॉडीतनं गार व्हायचं असतं. नेमप्लेटवर टेप. आणि खाली बारीक भोक असतं ते रंगानं बुजवायचं नाही, मोटार चालून गार झाली की आत घाम सुटतो, ते पाणी तिथनं जातं. काही मोटारींना तिथं प्लग असतो, पावसाळ्यात अधनंमधनं काढून बघायचा.

चालू करताना पुली-पट्टा न लावता मोकळी, अर्थिंग जोडून, शाफ्ट आधी हातानं फिरवून. क्लँप मीटरनं (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजतो तो) तिन्ही वायरींचा करंट बघ. ५ एचपीचा फुल लोड ७-८ ॲंपिअर असतो, मोकळी साधारण ३-४ घेते आणि तिन्ही जवळपास सारखे पाहिजेत. एक फेज फार वेगळी दाखवत असली आणि वायरी अदलाबदल केल्यावर फरक त्याच वाइंडिंगबरोबर फिरला तर मोटारीत दोष, लाइनबरोबर राहिला तर लाइनचा. आपल्याकडं बहुतेक वेळा लाइनचाच निघतो.

कडबाकुट्टी काही दिवसभर चालत नाही, त्यामुळं पावसाळ्यात दोन-चार दिवसांनी अर्धा तास तरी चालव, स्वतःच्या गरमीनं ती कोरडी राहते. बंद ठेवायची असली तर फळीवर, गोठ्याच्या आणि खताच्या लांब, शाफ्टच्या उघड्या भागाला ग्रीस आणि कापड, महिन्यातनं एकदा चार फेरे फिरवून वेगळ्या जागी सोडायची म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी बसून खड्डे पाडत नाहीत. प्लॅस्टिकमधे घट्ट बांधायची नाही, आत घाम धरतो. वर ताडपत्री, खालनं वारा.

आणि अरे हो, हे आधीच विचारायला पाहिजे होतं, विहिरीवरची होती म्हणतोस तर ती मोनोब्लॉक आहे का पंपाला कपलिंगनं जोडलेली सुटी मोटार? मोनोब्लॉक म्हणजे मोटार-पंप एकाच शाफ्टवर, तशी असली तर तिच्या शाफ्टवर इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) असतो, पुलीसाठी तो शाफ्ट केलेला नसतो, कडबाकुट्टीला ती लावू नको, दुरुस्त करून पाण्यालाच ठेव. सुटी असली तर नेमप्लेट पुसून आरपीएम वाच. कडबाकुट्टी बहुतेक १४४० वर चालवतात, तुझी २८८० ची निघाली तर मोटारीची पुली निम्म्या मापाची घ्यायला लागंल, नाहीतर चाक दुप्पट स्पीडनं फिरंल आणि पातं कुठं जाईल सांगता येत नाही. नेमप्लेट वाचता येत नसली तर तिच्यावर खडूची पावडर चोळून पूस, खोदलेले आकडे उठून दिसतात.